हरिकेनच्या शेपटातले पाच दाणे

हवाई दलात मी एकतीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या वर्षांत एकही खोटी सही केली नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. विमान दुरुस्त करणाऱ्याच्या हातात पाना असतो, हातोडी असते, पण त्याचं खरं काम सहीत असतं. ‘मी तपासलं, ठीक आहे’ असं लिहून खाली नाव घातलं की कुणाचा तरी मुलगा त्या विमानात बसून वर जातो. तो तुम्हाला ओळखतही नसतो. त्यामुळं मी खडूस म्हणून प्रसिद्ध होतो आणि ते मला मान्य आहे.

निवृत्त होऊन मुरुमला, माझ्या गावी, घरी आलो. दोन वर्षांत माझी बायको कमल गेली. मूलबाळ नाही. सकाळी एक कप चहा करायचा, एक कप विसळायचा. शेजारी म्हणायचे, ‘चन्नबसप्पा, देवळापुढं येऊन बसा की चार माणसांत.’ चार माणसांत ऊस आणि गुडघेदुखी सोडून तिसरा विषय निघत नाही. मी गेलो नाही. मग त्यांनीही बोलवायचं सोडलं. बाकीचा दिवस कसाही ढकलता येई, पण संध्याकाळी पाच ते सात ही वेळ मला अक्षरशः खायला उठायची.

म्हणून नंदीश साहेबांचा फोन आला तेव्हा मी आढेवेढे न घेता हो म्हणालो. नंदीश साहेब हवाई दलातले माझे जुने वैमानिक अधिकारी, बेळगावकडचे. ते म्हणाले, ‘चन्ना, एक हरिकेन मिळालंय. उभं करायचं आणि उडवायचं. धाराशिवच्या धावपट्टीवर त्याच्या मालकानं हँगर भाड्यानं घेतलंय. येतोस?’

हरिकेन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. आमचं हे बोटीतून खोक्यांत भरून कराचीला उतरलं, तिथं जोडलं गेलं आणि चव्वेचाळीस साली इंफाळच्या बाजूला लढलं. युद्ध संपल्यावर सरकारनं ते एका इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवण्यासाठी दिलं. पोरांचं शिकून झालं, मग ते मागच्या आवारात बाभळीखाली गेलं आणि साठ-पासष्ट वर्षं तिथंच राहिलं. ट्रकमधून हँगरमध्ये उतरवलं तेव्हा त्याच्या पोटात मुंगसाचं बिऱ्हाड होतं. सीटखालच्या एका पट्टीवर कुणीतरी खिळ्यानं दोन इंग्रजी अक्षरं आणि तारीख खरडलेली सापडली. तो कुणी वैमानिक असणार. त्याचं पुढं काय झालं, हे कुठल्याच कागदात नव्हतं.

इंजिन परदेशातून नवं करून आलं. पत्रा, पाइप, चाकं हे माझं काम, ते दोन वर्षांत झालं. अडलं ते कापडावर. या विमानाचा मागचा अर्धा भाग आणि शेपटातलं सुकाणू, म्हणजे विमान डावी-उजवीकडं वळवणारी ती उभी फळी, यांवर पत्रा नसतो. सांगाड्यावर लिननचं कापड ताणून, आतल्या प्रत्येक बरगडीला हातानं टाके घालून ते शिवतात. मग त्यावर डोप नावाचं रसायन फासायचं. विस्तवावर शेकलेली हलगी ताणते तसं ते कापड ताणतं. पण टाका हातचाच लागतो, आणि सगळे टाके एकसारखे लागतात. धाराशिवातले तीन शिंपी येऊन गेले. तिसरा म्हणाला, ‘साहेब, याच्यापेक्षा हत्तीला चड्डी शिवणं सोपं.’ मी त्याला हाकलला.

कडूबाई मला धाराशिवजवळच्या बेंबळी गावात भेटली. कामासाठी गेलो होतो, गाडीची वाट बघत उभा होतो. रस्त्याकडेच्या घरापुढं एक पंचावन्नच्या आसपासची उंच, हडकुळी बाई वाकळ शिवत बसली होती. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. टाक्यांच्या ओळी बघून मी थबकलो. खिशातली पट्टी काढली आणि न विचारता तिच्या वाकळीवर ठेवली. इंचाला सात. पुढच्या इंचाला सात. कोपऱ्यात वळणावरसुद्धा सातच.

‘काय मोजताव ओ सायेब?’ ती म्हणाली. ‘वाकळ घ्यायची का जमीन?’

मी तिला काम सांगितलं. तिनं दोनच प्रश्न विचारले. विमानाला वाकळ कशाला लागती, आणि एसटी तिथवर जाते का.

दुसऱ्या सोमवारपासून ती साडेनऊच्या गाडीनं यायला लागली. लिनन हातात घेऊन चोळून बघितलं. मी सांगितलं की हे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं कापड. ‘जवसाचं?’ ती हसली. ‘आमी तर चटनी करून खाताव.’ पहिल्या आठवड्यात मी तिचे टाके चार वेळा उसवायला लावले. ती उसवायची, परत घालायची. पाचव्या वेळी मी पट्टी लावली आणि पट्टी खिशात ठेवून दिली. त्यानंतर ती बाहेर काढली नाही.

असे सात-आठ महिने गेले. एवढ्या मोठ्या पत्र्याच्या हँगरमध्ये आम्ही दोघं, मध्ये ते विमान. ती एका बाजूनं सुई घालायची, मी दुसऱ्या बाजूनं ओढून परत द्यायचो. बोलणं फारसं नसायचं. बाराला ती भाकरी सोडायची आणि मला न विचारता अर्धी माझ्याकडं सरकवायची. नाव कडू, पण चहात साखर इतकी घालायची की माझी मधुमेहाची गोळी वाया जायची. सव्वानऊला मी दारात जाऊन उभा राहतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. लक्षात आल्यावरही मी उभा राहत होतो.

एकदा तिनं विचारलं, ‘ह्याच्यात बसतेत किती जन?’

‘एकच.’

‘एकलाच? मागं बोलायला बी कुनी न्हाय?’

‘नाही.’

मी तिला सीटखालची ती खरडलेली अक्षरं दाखवली. तिनं त्यांवरून बोट फिरवलं.

‘ह्यो गेला का माघारी घरी?’

‘माहीत नाही.’

‘न्हाई म्हंजे? कुनीच ध्यान ठिवलं न्हाय व्हय?’ तिला माझाच राग आल्यासारखं वाटलं. मग तिनं सुई परत हातात घेतली.

सुकाणू सगळ्यांत शेवटी झालं. महिनाभराचं काम. त्या दिवशी दुपारी मी बॅटरी लावून आतून बघितलं, स्वच्छ होतं. फक्त खालचा एक कोपरा शिवायचा राहिला होता. मी धावपट्टीच्या ऑफिसात कागद आणायला गेलो. परत येईपर्यंत तिनं कोपरा शिवून टाकला होता. नियमाप्रमाणं शेवटचा टाका पडताना मी समोर हवा होतो. पण टाके तिचे होते, म्हणून मी सही केली.

डोप लागला, वाळला, रंग झाला. मग सुकाणूचा तोल बघायची वेळ आली. दोन टेकूंवर ते आडवं ठेवलं, हलकेच फिरवलं, आणि आतून आवाज आला. खळ्ळ. मी परत फिरवलं. खळ्ळ.

आवाज बारीक होता, पण तो तिथं असायलाच नको होता. सुकाणूच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, आत बिजागऱ्या असतात. सुटी वस्तू तिथं जाऊन अडकली, तर वरचा माणूस विमान वळवायला जाईल आणि ते वळणार नाही. मी पातं घेतलं आणि कडूबाईच्या समोर तिचा कोपरा टरकन फाडला. हात घातला. तळहातावर आले ते ज्वारीचे पाच दाणे.

‘हे काय आहे?’

‘ज्वारी,’ ती म्हणाली. तिला काही वावगं वाटतच नव्हतं. ‘वाकळीचं प्वाट भरतेत. शेवटचा कोपरा शिवायच्या आदी पाच दानं घालायचे. रिकामी वाकळ घराच्या भाईर काढू न्हाई. दान्याच्या वढीनं मानूस माघारी येतो.’

‘ही वाकळ आहे का?’ मी ओरडलो. हँगरचा पत्रा घुमला. ‘वरती माणूस मरेल! तुम्हाला खेळ वाटला काय हा?’

राग तिच्यावर कमी होता, स्वतःवर जास्त. मी सही केली होती. पण हे तेव्हा माझ्या तोंडातून निघालं नाही.

ती खाली बसली. मग तिनं मला रामहरीचं सांगितलं. तिचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांपूर्वी भिवंडीला गोदामात कामाला निघाला. गाडीची वेळ झाली, तो दारातून ‘आई, दे लवकर, गाडी चालली’ म्हणत होता. तिनं घाईनं कोपरा शिवला आणि वाकळ हातात दिली. त्याच्यासाठी निवडलेले दाणे तिच्या मुठीतच राहिले. दिवाळीपर्यंत त्याचा फोन यायचा. मग यायचा बंद झाला. गावातले दोघं भिवंडीला जाऊन बघून आले, पोलिसांत कागद दिला. कुणालाच काही माहीत नव्हतं.

‘ह्यात बी एकलाच जानार म्हनलाव तुमी,’ ती म्हणाली. ‘म्हनून घातले.’

आणि मी तिला म्हणालो, ‘दाणे घालून कुणी परत येत नसतं, बाई.’

आयुष्यात मी बरंच काही टोचून बोललो आहे. हे एक वाक्य मला परत गिळायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तिनं सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचली, गुंडी बाकावर ठेवली, पदर खांद्यावर घेतला आणि गेली. अजून बाराही वाजले नव्हते. गाडी तीनला होती.

पुढचे अकरा दिवस मी एकटा शिवत बसलो. माझे टाके बघून तो हाकललेला शिंपीसुद्धा हसला असता. नंदीश साहेबांचा फोन आला, उड्डाणाची तारीख ठरली आहे, मालक येणार आहेत. पण खरं सांगायचं तर मला तारखेचं काही नव्हतं. सव्वानऊला मी दारात जायचो, साडेनऊची गाडी न थांबता जायची, आणि मी आत यायचो. बाराव्या दिवशी मी स्वतःच बेंबळीची गाडी धरली.

ती दारातच होती. बसा म्हणाली नाही. मी पायरीवर बसलो. माफी मागायची मला सवय नाही, ती मी वाकडीतिकडी मागितली. ती ऐकून घेत राहिली. मग कमरेची चंची काढून तिनं उघडली. सुपारीशेजारी एका चिंधीत ज्वारीचे पाच दाणे होते. काळपट, किडीनं भोकं पाडलेले.

‘हे त्याचे,’ ती म्हणाली. ‘सात वरीस झाले. टाकवंना गेले.’ चिंधी परत बांधली. ‘येते म्या. पर रिकामं जाऊ देनार न्हाई. तुमी कुटं बी ठिवा. शेपटात नगो म्हनताव तर नगो. पर त्याच्या संगट जायला पायजे. शबूद द्या.’

मी विचार केला. वैमानिकाच्या उजव्या पायाशी नकाशे ठेवायचा कापडी खण असतो. त्यात एक लहानशी पिशवी शिवून टाकली, तर ती हलणार नाही, कुठं अडकणार नाही. नियमात मात्र तेही बसत नव्हतं. यादीत नसलेली वस्तू विमानात चालत नाही, आणि हा नियम मी शेकडो पोरांना शिकवला होता.

‘दिला,’ मी म्हणालो.

ती आली. सुकाणू परत शिवलं. या वेळी शेवटचा टाका पडेपर्यंत मी हललो नाही आणि तिनंही काही मनावर घेतलं नाही. खणात शिवायची पिशवी तिनं घरून तयार करून आणली. लाल चोळीच्या कापडाची, अंगठ्याएवढी, चारी बाजूंनी बंद. कॉकपिटमध्ये वाकून तिनं ती चार टाक्यांनी पक्की केली. खाली उतरताना म्हणाली, ‘आता निवांत.’

विमान पहिल्यांदा वर गेलं ते जानेवारीत, सकाळी आठला. इंजिन सुरू झालं तेव्हा कडूबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तशीच हसत उभी राहिली. नंदीश साहेबांनी नकाशाशिवायच पंचवीस मिनिटं धावपट्टीभोवती फेऱ्या घातल्या आणि अलगद खाली आणलं. सुकाणू एकदम हलकं आहे, म्हणाले. मी रडलो, हे कुणाला दिसलं नाही, कारण सगळे विमानाकडं बघत होते. कडूबाईला दिसलं. तिनं तोंड फिरवलं.

पण हे विमान इथं राहायचं नव्हतं. मालकाचं संग्रहालय बेंगळुरूजवळ. मध्ये हुबळीला उतरून ते कायमचं तिकडं जाणार होतं, आणि हँगरचं भाडं महिनाअखेर संपत होतं. हे मी कडूबाईला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, ‘जाऊ द्या की. पोटात दानं हायती, यील कदी तरी.’

निघायच्या सकाळी मी पंखावर उभा राहून नंदीश साहेबांचे पट्टे आवळत होतो. त्यांनी नकाशा खणात घातला आणि हात थांबला.

‘हे काय?’

मी पट्टा आणखी आवळला.

त्यांनी खिशातला चाकू काढला, चार टाके तोडले आणि लाल पिशवी माझ्यापुढं धरली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘चन्ना, तू? तूच मला एकदा खिशातल्या पेनासाठी विमानातून खाली उतरवलं होतंस.’

‘साहेब, शिवलेलं आहे. हलत नाही.’

‘यादीत आहे का?’

‘नाही.’

‘मग घे.’

त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. मी पिशवी मुठीत घेतली, काच ओढून बंद केली आणि पंखावरून उतरलो. पन्नास पावलांवर हँगरच्या दाराशी कडूबाई उभी होती. तिच्या बाजूला माझी पाठ होती, तिला चाकू दिसला नसणार. मी तिच्याजवळ पोचलो तेव्हा इंजिन धडधडायला लागलं होतं. ती माझ्या कानाशी आली.

‘आप्पा, हायती न्हवं आत?’

इतके महिने ती मला सायेब म्हणत होती. आप्पा पहिल्यांदाच म्हणाली.

‘आहेत,’ मी म्हणालो.

विमान धावलं, उचललं गेलं, दक्षिणेला वळलं. ती कपाळावर हात धरून बघत राहिली, ठिपका दिसेनासा झाला तरी. मी तिच्याशेजारी उजवी मूठ खिशात घालून उभा होतो. मग ती तीनच्या गाडीनं गेली. मी रिकाम्या हँगरचं कुलूप लावलं आणि किल्ली ऑफिसात दिली.

मुरुमला घरी पोचून मी ती पिशवी ताटात उसवली. कशासाठी, ते सांगता येणार नाही. बहुधा ते पाच दाणे डोळ्यांनी बघायचे होते. पण ताटात दहा दाणे पडले. पाच नवे, पांढरेशुभ्र, गेल्या सुगीचे. आणि पाच काळपट, भोकं पडलेले.

रामहरीचे दाणे तिनं त्यात घातले होते. सात वर्षं कमरेला बाळगले, टाकवले नाहीत, आणि शेवटी घराबाहेर पाठवले ते माझ्या शब्दावर. ते हुबळीपर्यंतही गेले नव्हते. माझ्या खिशातून एसटीनं मुरुमला आले होते.

हे तिला सांगायलाच हवं, असं मी ठरवलं. महिनाभर नुसतं ठरवतच राहिलो. मग एका सकाळी दाणे परत पिशवीत भरले, तोंड जमेल तसं शिवलं, पिशवी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दोन गाड्या बदलून बेंबळीला गेलो. गाडीत सगळी वाक्यं जुळवली होती. ‘कडूबाई, मी खोटं बोललो’ हे पहिलं.

ती वाकळ शिवत होती. या वेळी बसा म्हणाली, चहा टाकला, साखर तेवढीच घातली. विमान नीट पोचलं का, विचारलं. पोचलं, म्हणालो. मी पहिलं वाक्य तोंडाशी आणलं, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

‘आप्पा, एक सांगू का? त्या दिसापसनं झोप लागती मला. सात वरीस म्या रातभर दाराकडं बघायची. आता डोळं मिटतेत. माज्या हातनं ऱ्हायलं हुतं, ते झालं. आता यायचं न यायचं त्याच्याकडं.’ तिनं दोरा दातानं तोडला. ‘तुमच्यामुळं झालं.’

चहा गरम होता, मी तो फुंकत राहिलो. बोलायला जागा नव्हती असं नाही, ती वाकळीवर वाकून टाके घालत होती. पण मी बोललो नाही. एकतीस वर्षांची सगळी खरी वाक्यं एका बाजूला आणि तिचे ते मिटणारे डोळे एका बाजूला. मी कप उपडा ठेवला.

गाडी आली तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली. मी पायरीवर चढलो, दांडी धरली. माझा दुसरा हात आपोआप सदऱ्याच्या खिशावर गेला. दहाही दाणे कापडातून बोटांना लागत होते.

‘परत या, आप्पा,’ ती खालून म्हणाली.

‘येतो,’ मी म्हणालो. तेवढं मात्र मी खोटं बोललो नाही.